चाल दुसऱ्याची, हसू आपले

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आम्ही एकदा विडंबनगीत गायलो होतो. त्या काळी रेडिओवर रोज वाजणाऱ्या एका भावगीताची चाल घेतली आणि तिच्यावर आमच्या मोहल्ल्यातला एकोणतिसावा रोजा बसवला. गावात मशिदी दोन. एका मशिदीच्या लोकांना चाँद दिसलेला, दुसरीच्या लोकांना न दिसलेला. खालूजान हाताची मूठ दुर्बिणीसारखी डोळ्याला लावून गच्चीवर उभे. खाली खालाजान ओरडते आहे की शिरखुर्म्याचे दूध तापवू की नको ते आधी सांगा. शिंपी म्हणतो, चाँद उद्या दिसला तर बरे, अजून चौदा पायजमे शिवायचे आहेत. मधूनमधून सहरीला डफ वाजवत उठवणाऱ्या फकीरबाबांच्या चिरक्या आवाजाची नक्कल. सभागृह पोट धरून हसले. आम्हाला पहिले बक्षीस मिळाले, स्टीलचा एक डबा. घरी येऊन अब्बांना गाणे पुन्हा म्हणून दाखवले. तेही हसले आणि अम्मी पदराआड हसली.

पुढच्या वर्षी तेच गाणे दुसऱ्या एका मुलाने गायले. आमचाच वर्गमित्र. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. त्याने फक्त शेवटी स्वतःची तीन कडवी जोडली. त्या कडव्यांत सुरमा घातलेला, चार बायकांचा, हातात सुरी घेऊन 'हम जाताय, तुम आताय' बोलणारा एक मियाँ आला. चाँद गेला, दूध गेले, शिंपी गेला. सभागृह आदल्या वर्षीपेक्षा मोठ्याने हसले. आम्हीही हसलो. पहिल्या रांगेत बसून न हसणे कसे चालले असते?

रात्री अब्बांना हे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू गायलास तेव्हा त्यांना आपले घर दिसले. तो गायला तेव्हा नुसती दाढी दिसली. पण दार तूच उघडले होतेस ना?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या रात्री देता आले नाही. थोड्या संख्येने राहणाऱ्या समाजातल्या माणसाने स्वतःच्या माणसांवर चारचौघांत हसावे का? हसला तर ते हसू पुढे कुणाच्या हाती जाते? आणि ते भलत्या हाती गेले तर त्याचा दोष कुणाचा? प्रश्न गाण्याचा वाटतो, पण तो मुळात नीतीचा आहे.

बऱ्याच वर्षांनी शिकागोला स्थायिक झालेल्या आमच्या मामेभावाने एक कॅसेट आणून दिली. ॲलन शर्मन नावाच्या यहुदी गायकाची 'माय सन, द फोक सिंगर' ही १९६२ सालची ध्वनिमुद्रिका तिच्यात भरलेली होती. इंग्रजी गाणी, त्यांतला विनोद आम्हाला अर्धाच कळणारा. भाऊ म्हणाला, "यातली माणसे ऐक. आपल्या खालूजानसारखी वाटतील." आम्ही ऐकली आणि अब्बांचा प्रश्न पुन्हा समोर येऊन बसला.

यहुदी हा शब्द वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. फिलिस्तीनमधली प्रेते पाहून कुणाचेही मन कडू होईल, आमचेही झाले आहे. पण एका राज्याच्या करणीचा हिशेब शिकागोत जन्मलेल्या एका विनोदी गायकाकडे मागता येत नाही. जगात कुठे काही घडले की आपल्या दारात येऊन हिशेब मागणारे आपण पाहिलेले आहेत. ते मागणे किती अन्यायाचे असते हे आपल्याइतके कुणाला माहीत? शिवाय आपल्या कोकणाला हा समाज परका नाही. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. ते मराठी बोलत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या पैगंबरांच्या कथा मराठी कीर्तनात बसवल्या. कीर्तनाचा थाट शेजाऱ्यांचा, कथा इब्राहीम, युसुफ आणि मुसा यांच्या, म्हणजे आपल्याही ओळखीच्या.

दुसऱ्याच्या चालीत आपले सांगणे ही गोष्ट आपल्याकडेही जुनीच. मराठी संगीत नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्या गाण्याचे नाव छापलेले असे. मिलादच्या जलशात फिल्मी चालीवरची नात आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मात्र नातीत मूळ गाणे विसरावे अशी अपेक्षा असते. विडंबनात मूळ गाणे आठवलेच पाहिजे, नाहीतर हसू येत नाही. १९२५ साली 'झेंडूची फुले' काढणाऱ्या आचार्य अत्र्यांना हे पक्के ठाऊक होते. ज्या कवितांची त्यांनी थट्टा केली त्या वाचकाच्या ओठांवर होत्या.

उर्दूत विडंबनाला 'तहरीफ' म्हणतात. हा शब्द आपण मदरशात ऐकला तो वेगळ्या संदर्भात, आसमानी किताबांत माणसांनी केलेला फेरफार या अर्थाने. एकच शब्द पापाला आणि विनोदाला कसा, याचे आम्हाला फार दिवस कोडे होते. पुढे लक्षात आले की फरक लपवण्याचा आहे. ग्रंथात फेरफार करणारा मूळ झाकतो. विडंबन करणारा मूळ उघडे ठेवतो आणि ऐकणाऱ्याला म्हणतो, दोन्ही तुला ठाऊक आहेत, आता तूच पाहा. म्हणजे प्रामाणिक विडंबनात फसवणूक नसते. ती शिरते तेव्हा ते विडंबन राहत नाही, बदनामी होते. आमच्या वर्गमित्राच्या तीन कडव्यांत मूळ काय होते? त्या मियाँला त्याने कुठे पाहिले होते? कुठेच नाही.

आता शर्मनकडे वळू. त्याचा जन्म १९२४ सालचा. वडिलांचे आडनाव कोपेलन, पण आईवडील विभक्त झाल्यावर त्याने आईकडचे शर्मन हे आडनाव घेतले. टेलिव्हिजनच्या आरंभीच्या काळात तो न्यूयॉर्कला होता. १९५२ साली सुरू झालेला 'आय हॅव गॉट अ सीक्रेट' हा लोकप्रिय कार्यक्रम ज्या दोघांच्या डोक्यातून निघाला त्यांतला एक तो. पुढे ते काम सुटले आणि तो लॉस एंजेलिसला आला. तिथे शेजारी होता हार्पो मार्क्स, सिनेमात एक शब्द न बोलता जगाला हसवणारा. त्याच्या घरच्या मेजवान्यांत शर्मन विडंबने गाऊ लागला. प्रसिद्ध गाण्यांच्या चाली, पण शब्द यहुदी घरातले: मासे, मामे, लग्ने, आजार, कापडाचा धंदा. ऐकणाऱ्यांत विनोदी नट जॉर्ज बर्न्स होता. त्याने हे ध्वनिमुद्रिकेच्या कंपनीच्या कानावर घातले.

जॉर्ज बर्न्सचे मूळ नाव नेथन बर्नबॉम. त्याच पिढीचा जॅक बेनी मूळचा बेंजामिन कुबेल्स्की. त्या पिढीने रंगमंचावर जाताना नावे घरी ठेवली. आपल्याला हे समजावून सांगायला नको. युसुफ खानचा दिलीपकुमार झाला, महजबीन बानोची मीनाकुमारी झाली, मुमताज जहाँची मधुबाला झाली. प्रत्येकाची कारणे निराळी असतील, पण नाव बदलून बाजारात उतरायचे आणि घरच्या मेजवानीत मूळ नावाने हाक ऐकायची, ही रीत दोन्हीकडे सारखी. हार्पोच्या दिवाणखान्यातल्या हसण्यात म्हणून नुसता विनोद नव्हता. बरीच वर्षे न ऐकलेली हाक ऐकल्याचा आनंद त्यात असणार.

अडचण पुढे आली. मेजवानीत गायलेली विडंबने ब्रॉडवेच्या संगीतकांच्या चालींवर होती आणि त्या चालींचे मालक परवानगी द्यायला तयार नव्हते. तेव्हा ज्यांना मालक नाही अशा चाली शोधल्या गेल्या, म्हणजे लोकगीते. त्या वर्षांत अमेरिकेत लोकगीतांची मोठी लाट होती. कॉलेजातली मुले गिटार घेऊन खाणकामगारांची, कैद्यांची, गुराख्यांची गाणी म्हणत. शर्मनने त्या लाटेत आपले तारू लोटले. ६ ऑगस्ट १९६२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रण झाले. वाद्यवृंद लू बुश यांचा, आणि तो हसवण्यासाठी वेडेवाकडे वाजवत नाही, लोकगीत जसे गंभीरपणे वाजवावे तसेच वाजवतो. समोर निमंत्रित मंडळी बसवलेली, खाणेपिणे ठेवलेले. ध्वनिमुद्रिकेवर आपल्याला जे हसणे ऐकू येते ते या पाहुण्यांचे. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. दिवाणखाना मोडून त्याने बाजार मांडला नाही. दिवाणखानाच उचलून बाजारात नेला.

नावातही घर आहे. 'माय सन, द डॉक्टर' असे म्हणणारी यहुदी आई त्या देशात सर्वांच्या परिचयाची होती. आपल्या आयाही पाहुण्यांसमोर 'हमारा इंजिनियर' म्हणतातच की. डॉक्टरच्या जागी शर्मनने लोकगीत गाणारा घातला आणि आईचा अभिमान तसाच ठेवला.

गाणी कशी आहेत ते थोडे सांगतो. एका फ्रेंच बालगीताच्या चालीवर दोघे फोनवर बोलतात आणि एकमेकांच्या नातेवाइकांची चौकशी करतात. अमका काय करतो, तमकी कशी आहे, बस एवढेच. आपल्याकडे ईदच्या दुसऱ्या दिवशी होतात त्या गप्पांसारखे. एका जुन्या इंग्रजी प्रेमगीताच्या चालीवर ग्रीनबॉम नावाचा चिलखत घातलेला सरदार येतो, सरदारकीला कंटाळलेला. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या प्रसिद्ध समरगीताच्या चालीवर हॅरी लुईस नावाच्या कापडाच्या वखारीतल्या नोकराचा पोवाडा आहे. वखारीला आग लागते आणि हॅरी कामाच्या जागी मरतो. मूळ गीतात देवाचा कोप आहे. इथे त्या शब्दाशी यमक साधणारे मालकाचे आडनाव आहे.

या गाण्याला लोक खदखदून हसतात. आम्हीही हसलो आणि मग थबकलो. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागून १४६ कामगार मेले. त्यांत बहुतेक यहुदी आणि इटालियन स्थलांतरितांच्या तरुण मुली होत्या. शर्मनच्या डोक्यात ती आग होती असा आमचा दावा नाही. पण शिवणकामाच्या धंद्यातून वर आलेल्या समाजाला कापडाच्या वखारीची आग ऐकून काहीच आठवले नसेल, असेही आम्हाला वाटत नाही. समरगीत सैनिकांसाठी असते. कारकून, शिंपी, वखारीतला नोकर मेला तर त्याच्यासाठी कोण पोवाडा गातो? शर्मनने तो थट्टेत का होईना गायला. थट्टा हॅरीची आहे आणि मानही हॅरीचाच आहे. भिवंडीच्या किंवा इचलकरंजीच्या मागावर आयुष्य घालवलेल्या माणसाला हे गाणे समजावून सांगितले तर तो हसेल आणि मग गप्प होईल.

ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी बाजारात आली आणि विक्रमी वेगाने खपली. दहा लाखांवर प्रती गेल्या. राष्ट्राध्यक्ष केनेडी तिच्यातले फोनचे गाणे गुणगुणताना ऐकू आले, असे सांगतात. एका वर्षात शर्मनच्या तीन ध्वनिमुद्रिका विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचल्या. ज्यांनी कधी यहुदी घराची पायरी चढली नव्हती असे लाखो लोक ती नावे, ते मामे आणि त्या चौकश्या ऐकून हसत होते.

कशाला हसत होते? इथे अब्बांची कसोटी लावून पाहावी, घर दिसले की दाढी दिसली? आमच्या मते घर दिसले. शर्मनचा विनोद समजायला ऐकणाऱ्याला थोडे ज्ञान लागते. कोण कुणाचा मामा, कापडाच्या धंद्यात माल म्हणजे काय, आई मुलाबद्दल कशी बोलते, हे कळल्याशिवाय हसू येत नाही. म्हणजे हसण्याआधी त्याला पाहुणा म्हणून आत यावे लागते. सुरी घेतलेल्या मियाँवर हसायला काहीच जाणावे लागत नाही. उलट जाणले तर हसू थांबते. जो विनोद ज्ञानावर उभा असतो तो माणसे जोडतो. जो अज्ञानावर उभा असतो तो गावकुसाची भिंत एक हात उंच करतो.

आणि लोकगीत म्हणून गाताना शर्मन एक प्रश्नही टाकून जातो: लोकगीतातले 'लोक' कोण? गुराखी लोक आहे, खाणकामगार लोक आहे, मग आमचा मामा लोक नाही का? आपणही हा प्रश्न विचारत आलो आहोत. मराठी साहित्यातला माणूस म्हणजे कोण? मोहल्ल्यातला शिंपी त्यात येतो की नाही? मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ याच प्रश्नातून उभी राहिली. फरक एवढाच की आपण तो बहुधा गंभीर चेहऱ्याने विचारला.

पण शर्मनला इथेच शाबासकी देऊन थांबलो तर ते खरे होणार नाही. त्या ध्वनिमुद्रिकेत 'वॉटर बॉय' या गाण्याचे विडंबन आहे. मूळ गाणे साखळदंड घालून दगड फोडणाऱ्या काळ्या कैद्यांचे. पाणी देणाऱ्या पोराला मारलेली हाक. शर्मनने पाण्याच्या जागी सोडावॉटर घातले. दुसरे एक मूळ गाणे कापूस वेचणाऱ्या काळ्या मजुरांचे. त्याने कापसाच्या जागी सुती झगा आणला आणि शेताचे कपड्यांचे दुकान केले. हॅरी बेलाफोंटेने अशी गाणी गाऊन ती गोऱ्या घरांतही पोहोचवली होती, त्यामुळे चाली सर्वांना पाठ होत्या. विनोद साधतो. पण ज्या महिन्यात ही ध्वनिमुद्रिका दुकानात आली त्या ऑक्टोबर १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ नावाच्या एका काळ्या तरुणाला मिसिसिपीच्या विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून फौज पाठवावी लागली, आणि आदल्या रात्रीच्या दंग्यात दोन माणसे मेली.

ही गाणी शर्मनला का मिळाली? कारण त्यांना मालक नव्हता. ब्रॉडवेचा संगीतकार 'माझी चाल देणार नाही' म्हणू शकला. दगड फोडणारा कैदी म्हणू शकला नाही. कायदा त्याला ओळखतच नव्हता. विडंबनाला कितपत मोकळीक द्यावी यावर अमेरिकेच्या न्यायालयांनी पुढे बराच विचार केला. १९६४ साली 'मॅड' मासिकाच्या बाजूने निकाल लागला, आणि १९९४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने विडंबन हा रास्त वापर ठरू शकतो असे म्हटले. पण ती सारी मालक आणि वापरणारा यांच्यातली भांडणे. ज्याचा घाम त्या चालीत मुरला आहे पण नाव नाही, त्याची बाजू मांडायला कुणी वकील नसतो. तिथे माणसाची स्वतःची नीतीच कामाला येते. आपल्या वेदनेवर हसण्याचा हक्क आपला आहे. दुसऱ्याच्या वेदनेची चाल आयती मिळाली म्हणून ती आपली होते का?

हे लिहिताना आम्हाला फकीरबाबा आठवले. आमच्या त्या गाण्यात सर्वांत मोठा हशा त्यांच्या चिरक्या आवाजाला मिळाला होता. खालूजान आमचे, खालाजान आमची. शिंपी दुकानातून वाद घालायला आला असता. फकीरबाबा कुणाचे? पहाटे तीनला, थंडीपावसात दारोदार फिरून ते साऱ्या मोहल्ल्याला उठवत, आणि त्या आवाजावर आमचे रोजे चालत. गाणे गायल्यानंतरच्या ईदला ते ईदी मागायला आले तेव्हा आम्ही दारात होतो. म्हणाले, "बेटा, मेरी आवाज पे लोगां बहुत हँसे बोलते." रागाने नाही, नुसते सांगितले आणि झोळी पुढे केली. आम्ही त्या वेळी त्यांना नेहमीपेक्षा एक रुपया जास्त दिला. आज वाटते, तो रुपया चालीचा मोबदला नव्हता, आमच्या लाजेचा होता. मियाँच्या कडव्यांनी आम्ही दुखावलो, पण त्याआधी वर्षभर फकीरबाबा दुखावलेले होते आणि ते आम्हाला सुचलेही नव्हते. थट्टा वरून खाली उतरते तेव्हा प्रत्येक पायरीवरचा माणूस फक्त आपल्या वरच्या पायरीकडे बोट दाखवतो.

सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एका जमातीने दुसऱ्या जमातीची टर उडवू नये, ती कदाचित अधिक चांगली असेल, अशी ताकीद आहे. वाईट नावे ठेवण्याचीही मनाई आहे. त्या आयतीत एक शब्द मोठा विचार करायला लावणारा आहे. एकमेकांचे दोष काढू नका असे सांगताना शब्द 'स्वतःचे' असा येतो. म्हणजे दुसऱ्याला लावलेला डाग आपल्यालाच लागतो. फकीरबाबांचा चिरका आवाज आमचाच होता. आम्ही तो परका समजून विकला.

याचा अर्थ हसूच नये असा होतो का? तसे सांगणारे आपल्यात आहेत. पण हुजूर (स.) विनोद करीत आणि विनोदातही खरेच बोलत, अशी रिवायत आहे. सवारीसाठी उंट मागायला आलेल्याला त्यांनी उंटिणीचे पिल्लू देऊ म्हटले. तो म्हणाला, पिल्लाचे मी काय करू? तेव्हा त्यांनी विचारले, प्रत्येक उंट उंटिणीचेच पिल्लू नसतो का? या विनोदात खोटे एक अक्षर नाही, आणि ज्याच्याशी विनोद झाला तो रिकाम्या हाताने गेला नाही. विनोदाची याहून नेमकी कसोटी आम्हाला सापडलेली नाही.

या कसोटीला उतरणारे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे. मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला आणि पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'. दोन्ही विडंबने. सुपरमॅन झालेला शफीक शेख यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा बारीक. मुंबईच्या आणि हॉलिवूडच्या चित्रपटांची थट्टा होती, पण पडद्यावर गाव मालेगाव होते, धूळ मालेगावची होती आणि बघायला आलेले लोकही मालेगावचेच होते. दंगे आणि स्फोट एवढ्यासाठीच वर्तमानपत्रांत नाव येणाऱ्या गावाने आपले हसू आपणच काढले. २००८ साली फैजा अहमद खान यांच्या माहितीपटाने ते जगाला दाखवले आणि २०२५ साली त्या मंडळींवर मोठा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. दार उघडले, लोक आत आले, आणि त्यांना माणसे दिसली.

शर्मनच्या बाबतीत मात्र घर हळूहळू मागे पडले. तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत फ्रान्सचा राजा, लठ्ठपणा, यंत्रयुग असे कुणाच्याही घरातले विषय आले. मुलाच्या उन्हाळी शिबिरातल्या पत्रांवरून सुचलेले त्याचे सर्वांत गाजलेले गाणे तिच्यातच आहे. ते गोड आहे, त्याला ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. पण सर्वांचे व्हायला निघालेला माणूस कुणाचा राहत नाही, असेही होते. १९६६ पर्यंत त्याची लाट ओसरली, कंपनीशी नाते तुटले, संसारही मोडला. १९७३ च्या नोव्हेंबरात वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी व्हायला दहा दिवस असताना तो वारला. त्याच्या आयुष्यावरून आम्हाला धडा काढायचा नाही, कारण लोकांची आवड बदलायला हजार कारणे असतात. एवढे खरे की आज त्याचे नाव निघते तेव्हा ती पहिली ध्वनिमुद्रिका आठवते, जिच्यात त्याचे मामे बोलतात आणि हॅरी लुईस मरतो.

अब्बा आता नाहीत. असते तर इतक्या वर्षांनी आम्ही त्यांना उत्तर दिले असते. अब्बा, दार उघडले यात आमची चूक नव्हती. बंद दारामागे काय आहे ते ठाऊक नसले की लोक सुरी घेतलेला मियाँ कल्पितात. चूक दोन ठिकाणी झाली. फकीरबाबांना आम्ही घरातले मानले नाही, ही पहिली. आणि दुसऱ्या वर्षी पहिल्या रांगेत बसून आम्ही खोटे हसलो, ही दुसरी. आमच्या हसण्याने त्या तीन कडव्यांना साक्ष मिळाली. समोरच्या मुलाला वाटले, यांनाही हे पटते आहे. त्या वेळी उठून मंचावर जायला हवे होते आणि त्याच चालीवर चौथे कडवे म्हणायला हवे होते. चाल आम्हाला पाठ होती. चाँद कुठे गेला, दूध उतू गेले की काय आणि चौदा पायजम्यांचे काय झाले, एवढेच विचारले असते तरी सभागृह पुन्हा घराकडे वळले असते. कदाचित तो वर्गमित्रही हसला असता, आणि ते हसू खरे असते.

ते कडवे आम्ही अजून लिहिलेले नाही. लिहू तेव्हा त्यात फकीरबाबांचा आवाज असेल, पण या वेळी नक्कल नसेल. त्यांच्या हाकेने साऱ्या गावाला जाग येते, एवढे त्यात नक्की येईल.